स्तनकर्करोगोत्तर संप्रेरक-उपचार आणि औषध-सातत्याचा प्रश्न : जुहू परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रिया, रसायनोपचार आणि किरणोपचार ही त्रयी सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. या तिन्हींना रुग्णालयाचे दालन असते, ठरलेली तारीख असते आणि मुख्य म्हणजे शेवट असतो. शेवटचे किरण घेऊन स्त्री घरी परतते, घरात सत्यनारायण घातला जातो, 'सुटलीस एकदाची' असे म्हणून आप्तेष्ट निःश्वास टाकतात. नेमक्या याच सुमारास चौथा उपचार सुरू होतो. तो रुग्णालयात घ्यावयाचा नसतो. घरीच, दररोज एक गोळी, अशा स्वरूपाचा असतो. त्याची मुदत किमान पाच वर्षे आणि अनेकींच्या बाबतीत सात ते दहा वर्षे असते. कर्करोगाच्या साऱ्या उपचारांत हा सर्वांत स्वस्त, सर्वांत शांत आणि सर्वांत सहज सुटणारा उपचार होय.

जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनकर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंची नोंद धरली गेली. मुंबईपुरते बोलावयाचे तर येथील आकडेवारीला दीर्घ परंपरा आहे. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीच्या विद्यमाने १९६३ पासून मुंबईची कर्करोग नोंदवही ठेवली जाते. लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदवही. एके काळी या नोंदवहीत स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर असे. आज मुंबईत ते स्थान स्तनकर्करोगाने घेतले आहे. निदान झालेल्या या स्त्रियांपैकी ज्यांची गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असते, त्यांच्या आयुष्यात ही रोजची गोळी येते. ती का घ्यावयाची, ती का सुटते आणि सुटू नये यासाठी काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात जुहूसारख्या मिश्र वस्तीचा संदर्भ घेऊन केला आहे.

गोळीचे कार्य

स्तनाच्या काही गाठींमधील पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला पकडून ठेवणारे ग्राही असतात. तपासणीच्या अहवालात 'ई.आर.' आणि 'पी.आर.' या अक्षरांपुढे जे काही लिहिलेले असते, ते या ग्राहींविषयीच असते. पाश्चात्त्य देशांत बहुसंख्य गाठी या प्रकारच्या असतात. भारतातील रुग्णालयांच्या अहवालांत हे प्रमाण त्याहून कमी, साधारणतः निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक, असे आढळत आले आहे. अशा गाठींना इस्ट्रोजेन हे खतपाण्यासारखे असते. ते तोडावे ही कल्पना नवी नाही. ग्लासगो येथील शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली अंडाशय काढून टाकल्यावर प्रगत स्तनकर्करोगाच्या गाठी आकसल्याचे वृत्त प्रसिद्ध केले होते. त्या वेळी संप्रेरक हा शब्ददेखील प्रचारात आलेला नव्हता.

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाच्या औषधाचा जन्म वेगळ्याच हेतूने झाला. इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्भनिरोधकाचा शोध चालू असताना डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने १९६२ साली टॅमॉक्सिफेन तयार केले. गर्भनिरोधक म्हणून ते निरुपयोगी ठरले. मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयातील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले, १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ च्या अखेरीस अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. फसलेल्या गर्भनिरोधकाने पुढील काळात लक्षावधी स्त्रियांचे प्राण वाचवले, ही औषधशास्त्राच्या इतिहासातील एक सुखद विसंगती म्हणावी लागेल.

टॅमॉक्सिफेन ग्राहीवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला तेथे जागाच ठेवत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही दुसऱ्या गटातील औषधे मात्र इस्ट्रोजेनची निर्मितीच रोखतात. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांचे कार्य थांबते, तरी अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या द्रव्यांपासून मेद, स्नायू इत्यादी ऊतींमध्ये 'अरोमाटेज' या विकराच्या साहाय्याने थोडे इस्ट्रोजेन तयार होतच असते. या विकरालाच ही औषधे निष्प्रभ करतात. येथे एक महत्त्वाची मेख आहे. अंडाशय कार्यरत असताना ही औषधे एकटी पुरेशी ठरत नाहीत. रसायनोपचाराने पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झालीच असे नव्हे; ती काही महिन्यांनी परत येऊ शकते. भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत सरासरीने सुमारे दशकभर अगोदरच्या वयात होतो, हे लक्षात घेता या मुद्द्याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. अशा वेळी टॅमॉक्सिफेन द्यावे, की अंडाशयांचे कार्य इंजेक्शनाने वा शस्त्रक्रियेने थांबवून दुसऱ्या गटातील औषध द्यावे, याचा निर्णय गाठीच्या स्वरूपावरून तज्ज्ञ घेतात. अशी गोळी चालू असताना पाळी परत आली, तर ते लाजून गप्प बसण्याचे कारण नसून तत्काळ डॉक्टरांना कळविण्याची बाब आहे.

मुदत इतकी लांब का?

'गाठ तर काढून टाकली, मग गोळी कशासाठी?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, संप्रेरकग्राही गाठी स्वभावाने संथ असतात आणि हा संथपणाच फसवा आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच शरीरात अन्यत्र पोहोचलेल्या मोजक्या पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहून पुढे कधीतरी जाग्या होतात. अन्य प्रकारच्या स्तनकर्करोगात पुनरुद्भवाची भीती पहिल्या काही वर्षांत अधिक असते. येथे ती दोन दशकांवर पसरलेली असते. पाच वर्षांचा संप्रेरक-उपचार पूर्ण करून त्या वेळी रोगमुक्त असलेल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान हाडे, यकृत, फुप्फुसे अशा दूरच्या अवयवांत रोग उद्भवण्याचा धोका, गाठ लहान व काखेतील लसिकाग्रंथी रोगमुक्त असताना १३ टक्के, तर गाठ मोठी व चार ते नऊ ग्रंथी बाधित असताना ४१ टक्के होता.

उलट बाजूस, औषधाचा लाभ औषध थांबल्यावरही टिकतो. ऑक्सफर्ड येथून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संकलनाने २०११ साली दाखवून दिले की, पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पाच वर्षांत पुनरुद्भव जवळजवळ निम्म्याने आणि पुढील पाच वर्षांत सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू पंधरा वर्षांच्या काळात एक-तृतीयांशाने कमी होतात. रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये दुसऱ्या गटातील औषधांनी यात आणखी भर पडते. पाचऐवजी दहा वर्षे टॅमॉक्सिफेन देऊन पाहणाऱ्या 'ॲटलास' या चाचणीत संप्रेरकग्राही रोग असलेल्या ६,८४६ स्त्रियांची तुलना झाली. पाचव्या ते चौदाव्या वर्षादरम्यान स्तनकर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण पाच वर्षांवर थांबलेल्यांत १५ टक्के, तर दहा वर्षे घेणाऱ्यांत १२.२ टक्के आढळले. त्याचबरोबर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हानी लपवून सांगितलेला लाभ रुग्णाच्या मनात टिकत नाही, असा अनुभव सर्वत्र आहे.

गोळ्या किती स्त्रिया घेतात?

कागदोपत्री हा उपचार चालू असलेल्या सर्व स्त्रिया तो खरोखर घेतात काय? अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियात ८,७६९ स्त्रियांच्या औषध-खरेदीच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साडेचार वर्षांच्या काळात सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनी औषध मधेच बंद केले होते. पूर्ण काळ व्यवस्थितपणे घेणाऱ्या स्त्रिया ४९ टक्केच होत्या. त्याच संशोधकांनी पुढील वर्षी दाखविले की औषध सोडणाऱ्या वा अनियमितपणे घेणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. हे विमाधारक, सुस्थित व्यवस्थेतील चित्र आहे.

फ्रान्समधील अभ्यास अधिक बोलका आहे. तेथे ज्यांची पाळी चालू होती अशा १,१७७ स्त्रियांच्या रक्तातील टॅमॉक्सिफेनचे प्रमाण, औषध लिहून दिल्यानंतर वर्षभराने मोजण्यात आले. १६ टक्के स्त्रियांच्या रक्तात ते अपेक्षित पातळीखाली होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आपण गोळी घेत नसल्याचे डॉक्टरांना सांगितलेले नव्हते. या स्त्रियांत दूरस्थ पुनरुद्भवाचा वा मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट धोक्याचा आकडा नसून ते मौन आहे. डॉक्टर 'गोळ्या चालू आहेत ना?' असे विचारतात, रुग्ण मान डोलावते आणि दोघांचाही वेळ वाचतो.

जुहूचा संदर्भ

जुहू म्हटले की चौपाटी, तारांकित हॉटेले आणि चित्रपट-कलावंतांचे बंगले आठवतात. परंतु याच जुहूत कोळीवाडा आणि मोरागाव आहे, नेहरूनगरची दाट झोपडवस्ती आहे, आणि जुहू-पार्ले योजनेतील इमारतींमध्ये दिवसाला चार-पाच घरची कामे करून उदरनिर्वाह करणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग आहे. वैद्यकीय सोयींच्या दृष्टीने हा परिसर दुर्लक्षित म्हणता येणार नाही. महानगरपालिकेचे डॉ. आर. एन. कूपर रुग्णालय येथेच आहे, नानावटी रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तथापि सर्वसामान्य मुंबईकराच्या मनात कर्करोग म्हणजे 'टाटा' हे समीकरण १९४१ पासून, म्हणजे परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिल्यापासून, पक्के बसले आहे. जुहूहून रिक्षाने वा बसने विलेपार्ले किंवा अंधेरी स्थानक, तेथून लोकलने दादर अथवा प्रभादेवी, पुढे पायी परळ, मग रांग, तपासणी, पुन्हा रांग, अशा फेरीत दिवस जातो. ज्या स्त्रीला खाडा म्हणजे पगारात कपात, तिच्या हिशेबी स्वस्त गोळीचे खरे मूल्य त्या दिवसाच्या मजुरीइतके असते. उपचाराचा खर्च मोजताना आपण केवळ औषधाची किंमत मोजतो, हा आपल्या आरोग्यविचारातील जुना दोष आहे.

यात ऋतुचक्राचाही भाग आहे. मुंबईतील श्रमिक कुटुंब मे महिन्यात, गणपतीला, शिमग्याला गावी जाते. उत्तर भारतातून आलेली कुटुंबे लग्नसराईत महिना-दीड महिना मुलखात राहतात. महिन्याच्या गोळ्यांची पट्टी संपते, तालुक्याच्या दुकानात ते औषध मिळत नाही आणि परतल्यावर 'एवढे दिवस घेतली नाही, काही झाले नाही' हा अनुभवसिद्ध वाटणारा, परंतु सर्वस्वी चुकीचा निष्कर्ष निघतो. औषध सोडल्यावर तत्काळ काहीही होत नाही. उलट बरेच वाटते, कारण दुष्परिणाम ओसरतात. मधुमेहाची गोळी चुकली तर साखर वाढलेली दिसते, रक्तदाबाची चुकली तर यंत्र सांगते. येथे चुकीची खूण पटण्यास दहा वर्षेही लागू शकतात. २०२० च्या मार्चअखेर लोकल गाड्या सर्वसामान्यांसाठी थांबल्या आणि स्त्रियांना ऑक्टोबरच्या उत्तरार्धातच त्यांतून प्रवासाची मुभा मिळाली. त्या सात महिन्यांत ज्यांच्या घराशेजारच्या औषधविक्रेत्याकडे हे औषध होते आणि जवळ चिठ्ठी होती, त्यांच्या दृष्टीने हा उपचार टाळेबंदीतही चालू ठेवण्याजोगा होता. अधिक मुदतीची चिठ्ठी लिहून देणे ही किती साधी आणि किती परिणामकारक गोष्ट आहे, हे त्या काळाने शिकविले.

बंगल्यांतील आणि इमारतींतील स्त्रीचे प्रश्न निराळे असतात, ते नसतात असे नव्हे. तिला पैशाची वा अंतराची अडचण नसेल. पण मुलीची सोयरीक जुळत असताना घरात कर्करोगाच्या औषधाची पट्टी दिसू नये, म्हणून ती डब्यात, कपाटात, साड्यांच्या घडीत लपवली जाते. लपवलेली वस्तू विसरली जाते. लेट्रोझोल हे वंध्यत्वावरील उपचारातही वापरले जाते. त्यामुळे औषधाचे नाव शोधून पाहणाऱ्या एखाद्या सुशिक्षित सुनेच्या मनात भलताच गोंधळ उडू शकतो. आणखी एक विरोधाभास जवळजवळ प्रत्येक घरात आढळतो. पतीच्या रक्तदाबाच्या आणि सासूच्या मधुमेहाच्या गोळ्या वारांच्या कप्प्यांत घालून वेळेवर हातात देणारी स्त्री स्वतःची गोळी मात्र 'कामे उरकली की घेते' म्हणून रात्रीवर ढकलते. तिची गोळी कोणी हातावर ठेवीत नाही.

दुष्परिणाम

औषध सोडण्यामागील कारणांत विस्मरणापेक्षा शरीराला होणारा त्रास अधिक प्रबळ असतो. टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून अचानक गरम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते. मुंबईच्या मे महिन्यातील आर्द्र हवेत, ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि गर्दीच्या लोकलमध्ये हा त्रास कसा असेल, याची कल्पना थंड हवेच्या देशांतील पुस्तके वाचून येत नाही. पत्र्याच्या छपराखाली झोपणाऱ्या स्त्रीला 'खोली थंड ठेवा' हा सल्ला देणे ही निव्वळ औपचारिकता होय. पांढरे पाणी जाणे, क्वचित पायातील नीलांत रक्ताची गुठळी होणे, रजोनिवृत्त स्त्रीच्या गर्भाशयाच्या अस्तरात बदल होणे हे अन्य परिणाम. रजोनिवृत्तीनंतर झालेला रक्तस्राव आणि एका पायाला अकस्मात आलेली वेदनायुक्त सूज या दोन खुणा प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असाव्यात.

दुसऱ्या गटातील औषधांचा मुख्य जाच सांध्यांचा असतो. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, गुडघे व मनगटे दुखरी. जवळपास निम्म्या स्त्रियांना असा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. कणीक मळणे, कपडे पिळणे, मासळी साफ करणे ही बोटांची कामे आहेत. कोळीवाड्यातील स्त्रीच्या दृष्टीने आखडलेली बोटे म्हणजे बुडालेला धंदा. शिवाय इस्ट्रोजेन घटल्याने हाडे विरळ होतात. म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची जोड आवश्यक असते. भरपूर सूर्यप्रकाश असलेल्या या देशात ड जीवनसत्त्वाची उणीव व्यापक आहे, हे अनेकांना खरे वाटत नाही.

एक त्रास असा की ज्याविषयी मराठी घरांत शब्दच उच्चारला जात नाही. योनिमार्गाचा कोरडेपणा, शरीरसंबंधातील वेदना आणि इच्छेचा अभाव यांमुळे वैवाहिक जीवनावर ताण येतो. पती समजूतदार असला तरी स्त्री स्वतःला दोषी मानते. बाह्यरुग्ण विभागात समोर डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर आणि मागे रांगेतील चार माणसे असताना हा विषय निघणे अशक्यच. परिणामी कारण न सांगता गोळी बंद होते. बिनसंप्रेरकी वंगण वा ओलावा देणारी मलमे सहज उपलब्ध असताना केवळ संकोचापायी एक जीवरक्षक उपचार संपुष्टात यावा, हे शोचनीय आहे.

स्वयंपाकघर आणि अन्य औषधे

टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर यकृतातील विकरांच्या द्वारे त्याचे एन्डॉक्सिफेन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. या रूपांतरात बाधा आणणारी काही औषधे आहेत. खिन्नतेवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही त्यांतील प्रमुख. कर्करोगानंतर खिन्नता येणे स्वाभाविक असल्याने हा योग वारंवार जुळून येतो. अन्य पर्यायी औषधे उपलब्ध आहेत. व्हेन्लाफॅक्सिनने तर गरम वाफांचाही त्रास कमी होतो. म्हणूनच दाताचे डॉक्टर असोत वा मनोविकारतज्ज्ञ, प्रत्येकास आपली गोळी दाखविणे अगत्याचे आहे.

हळदीचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. कर्करोगावर हळद, हा सल्ला शेजारणीपासून भ्रमणध्वनीवरील संदेशांपर्यंत सर्वत्र मिळतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हळदीतील कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, विशेषतः मिऱ्यातील पिपेरिनसह, दिल्या असता रक्तातील एन्डॉक्सिफेन काहीसे घटल्याचे आढळले. हा अभ्यास अवघ्या १६ रुग्णांवरील होता आणि तो फोडणीतील चिमूटभर हळदीला लागू नाही. तथापि हळदीच्या तयार गोळ्या, शतावरीचे कल्प, 'बायकांचे टॉनिक' अशा नावाने मिळणारी मिश्रणे डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, एवढा बोध त्यातून खचित घ्यावा.

उपवासाची शंका मात्र निराधार आहे. दिवसातून एकदाच घ्यावयाची ही गोळी एकादशीला पाण्याबरोबर आणि रोज्यात सूर्यास्तानंतर घेता येते. टॅमॉक्सिफेन शरीरात दीर्घकाळ राहते. त्याची रक्तातील मात्रा निम्म्यावर येण्यास पाच ते सात दिवस लागतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेण्याचे कारण नाही, नेहमीची एकच घ्यावी. एक गोळी चुकली म्हणून 'आता सगळेच बिघडले' असे वाटून उपचार सोडणाऱ्या स्त्रियाही असतात, त्यांना हे सांगणे आवश्यक आहे.

काय उपयोगी पडते?

स्मरण करून देणे हा सर्वांत सोपा वाटणारा उपाय आहे आणि तोच निरुपयोगी ठरला आहे. अमेरिकेत सातशेहून अधिक स्त्रियांना आठवड्यातून दोनदा भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून पाहिले गेले. २०२० साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन वर्षांनी संदेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या स्त्रियांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ उघड आहे. गोळी सोडणे हा बहुतेक वेळा विसर नसून निर्णय असतो, आणि निर्णयाला उत्तर संदेशाने देता येत नाही. संवादानेच देता येते.

त्रासाची दखल घेतली तर औषध टिकते. एका औषधाने सांधे दुखू लागले असता त्याच गटातील दुसरे औषध दिल्यास अनेक स्त्रिया ते सहन करू शकतात. थोडे दिवस औषध थांबवून, वैद्यकीय देखरेखीखाली, पुन्हा सुरू करणे हाही एक मार्ग आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या १२१ स्त्रियांवरील चाचणीत नियमित, मार्गदर्शनाखाली केलेल्या व्यायामाने सांधेदुखी सुमारे तीस टक्क्यांनी घटली. जुहूच्या वाळूवर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते, कैफी आझमी उद्यान आहे. ही साधने हाताशी आहेत. मात्र दिवसभर उभ्याने राबणाऱ्या स्त्रीला 'रोज चालत जा' असे सांगताना सांगणाऱ्याने जरा विचार करावा. तिला चालण्यापेक्षा आखडलेल्या सांध्यांना ताण देण्याचे आणि स्नायूंना बळ देण्याचे दहा-पंधरा मिनिटांचे व्यायाम दाखवून देणे अधिक उपयुक्त.

डॉक्टरांना वेळ नसतो, ही वस्तुस्थिती मान्य करूनच व्यवस्था उभारावी लागेल. प्रशिक्षित परिचारिका, समुपदेशक आणि स्वतः या आजारातून गेलेल्या स्त्रिया यांचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. मुंबईत वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या व्ही केअर फाउंडेशनसारख्या संस्थांनी रुग्णाला रुग्णाचा आधार देण्याची वाट पाडून दिलेली आहे. दुर्लक्षित राहिला आहे तो गल्लीतील औषधविक्रेता. डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा भेटतात, औषधविक्रेता दरमहा भेटतो. कोण वेळेवर पट्टी न्यावयास आली नाही, हे त्यालाच सर्वांत आधी कळते. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात सी. यू. शाह औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थिनींना दीर्घकालीन औषध-सातत्याचे समुपदेशन हा विषय परिसरातील दुकाने आणि रुग्णालये यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष शिकविता येईल. स्त्रीने स्त्रीशी बोलण्याची सोय आपोआपच होईल आणि जे बाह्यरुग्ण विभागात बोलले जात नाही, ते कदाचित तेथे बोलले जाईल.

कुटुंबाचा वाटा लहान पण निर्णायक आहे. प्रश्न 'गोळी घेतलीस का?' असा दरडावणीचा नसावा. पतीच्या गोळ्यांच्या डबीतच तिच्या गोळीला एक कप्पा मिळाला, तरी पुष्कळ साधते.

विराम आणि समाप्ती

पाच ते दहा वर्षे हा काळ तरुण स्त्रीच्या दृष्टीने प्रदीर्घ असतो. पस्तिशीतील, अपत्य नसलेल्या स्त्रीला 'दहा वर्षे गर्भधारणा नको' असे सांगणे म्हणजे कधीच नको असे सांगण्यासारखे आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भधारणा होऊ देणे गर्भास घातक असल्याने पूर्वी अनेकींनी उपचारच नाकारला. याविषयी २०२३ साली दिलासा देणारे निष्कर्ष हाती आले. अठरा ते तीस महिने उपचार घेतल्यानंतर, गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत तो स्थगित ठेवणाऱ्या ५१६ स्त्रियांच्या पाहणीत, तीन वर्षांतील पुनरुद्भवाचे प्रमाण ८.९ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या, उपचार न थांबवलेल्या स्त्रियांच्या गटात ते ९.२ टक्के होते. हा अल्पकालीन निष्कर्ष आहे आणि या रोगाची गती ध्यानी घेता पुढील वर्षांची नोंद पाहावी लागेल. परंतु ठरवून, सांगून, ठराविक मुदतीनंतर पुन्हा सुरू करण्याच्या बोलीवर घेतलेला विराम आणि मुकाट्याने सोडलेली गोळी या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

पाचव्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा एकदा निर्णयाची वेळ येते. लसिकाग्रंथी बाधित नव्हत्या, गाठ लहान होती, हाडे विरळ होत चालली आहेत, अशा स्त्रीच्या बाबतीत थांबणे योग्य ठरू शकते. ग्रंथी बाधित असलेल्या स्त्रीस पुढे चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो. व्यवहारात मात्र दोन्हीकडे चुका घडतात. काही स्त्रिया पाच वर्षे झाली म्हणून कोणास न विचारता थांबतात, तर काहींची गोळी थांबवा असे कोणी सांगितलेच नाही म्हणून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहते. उपचार सुरू झाल्याची तारीख, औषधाचे नाव आणि पुनर्विचाराची तारीख अशा तीन नोंदी रुग्णाच्या फाइलच्या पहिल्याच पानावर, तिला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात, पहिल्याच दिवशी लिहून द्याव्यात.